जादूचा पहिला प्रयोग

प्रस्तावना

जादूचा खेळ पाहिला नाही असा माणूस विरळाच. जत्रेत, शाळेच्या पटांगणात, गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा रस्त्याच्या कडेला जादूगार उभा राहतो आणि पाहता पाहता त्याच्या रिकाम्या मुठीतून नाणे निघते. पाहणारा प्रत्येक जण मनाशी म्हणतो, 'हे कसे केले असेल?' काहींच्या मनात याहून वेगळा प्रश्न उभा राहतो, 'हे मला जमेल का?' प्रस्तुत पाठ या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. जादू शिकू पाहणाऱ्या माणसाने लोकांसमोर पहिला प्रयोग करण्यापूर्वी कोणती तयारी करावी, कशापासून दूर राहावे आणि प्रेक्षकांशी कसे नाते जोडावे, याचा विचार येथे वाराणसी नगरीच्या संदर्भात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही
• युक्ती आणि प्रयोग यांतील फरक सांगू शकाल;
• पहिल्या प्रयोगाच्या तयारीचे टप्पे क्रमाने लिहू शकाल;
• जागा आणि प्रेक्षक यांचा प्रयोगावर होणारा परिणाम स्पष्ट करू शकाल;
• जादूगार आणि भोंदू यांतील भेद स्वतःच्या शब्दांत मांडू शकाल.

मूळ पाठ

काशीचा खुला रंगमंच

वाराणसी म्हणजे घाटांचे नगर. गंगेच्या काठाने चौऱ्याऐंशी घाटांची रांग पसरलेली आहे. त्यांतील अनेक घाट अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पेशवे, शिंदे, होळकर, भोसले अशा मराठी घराण्यांच्या आश्रयाने उभे राहिले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत आणि तेथे गणेशोत्सवही साजरा होतो. घाटाच्या पायऱ्यांवर स्नान, पूजा, गाणे, कुस्ती, गप्पा, व्यापार असे सारे काही उघड्यावर चालते. अशा ठिकाणी जो कोणी काही करून दाखवील, त्याला प्रेक्षक शोधावा लागत नाही. मात्र तो टिकवावा लागतो.

जादूचा खेळ या भूमीला नवा नाही. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'त चौसष्ट कलांची यादी आहे. तीत 'ऐंद्रजाल' आणि 'हस्तलाघव' या दोन कलांचा उल्लेख येतो. हस्तलाघव म्हणजेच आपण ज्याला हातचलाखी म्हणतो ती. हर्षाच्या 'रत्नावली' नाटकात एक ऐंद्रजालिक राजवाड्याला आग लागल्याचा भास निर्माण करतो. काशीच्या कबीरांनी जगाच्या पसाऱ्याला बाजीगराच्या खेळाची उपमा दिली आहे. ज्या अर्थी ती त्यांना सुचली, त्या अर्थी डंका वाजवून लोक जमवणारा बाजीगर त्यांच्या श्रोत्यांच्या नित्य परिचयाचा असला पाहिजे.

न हसणारा राजपुत्र

पाली भाषेतील जातककथांमध्ये 'सुरुचि जातक' नावाची एक कथा आहे. वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त याची कन्या सुमेधा मिथिलेच्या राजाला दिलेली होती. तिचा पुत्र महापनाद. त्याच्यासाठी भव्य प्रासाद उभारला गेला, त्याचा अभिषेक आणि विवाह झाला आणि मोठा उत्सव सुरू झाला. हा उत्सव सात वर्षे संपेना. लोक कंटाळून राजाकडे गेले. राजा म्हणाला, राजपुत्र एकदा हसला, की उत्सव संपेल. पण तो अजून हसलेला नाही.

मग देशोदेशीचे खेळ करणारे बोलावण्यात आले. भंडुकण्ण आणि पंडुकण्ण हे दोन जादूगार आले. एकाने राजद्वारापाशी क्षणात आम्रवृक्ष उभा केला. सुताचा गुंडा वर फेकला, तो फांदीला अडकला आणि त्या सुताच्या आधाराने जादूगार वर चढला. थोड्याच वेळात त्याच्या देहाचे तुकडे खाली पडले. ते जुळवून त्यांवर पाणी शिंपडताच तो पूर्ववत उठला आणि नाचू लागला. प्रेक्षक थक्क झाले. राजपुत्र मात्र हसला नाही. शेवटी देवलोकीचा एक नर्तक आला. त्याने अर्ध्याच अंगाने नृत्य केले. एक हात, एक पाय, एक डोळा हलत होता आणि उरलेले अंग पूर्णपणे स्थिर होते. ते पाहून महापनादाच्या ओठांवर किंचित स्मित उमटले.

नवशिक्या जादूगाराला या कथेतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. झाड उगवणे, देहाचे तुकडे होणे यांहून मोठे अद्भुत ते कोणते? तरीही समोरच्या माणसाचे मन हलले नाही. ते हलले एका आटोपशीर, नेमक्या आणि कसून साधलेल्या कृतीने. साहित्य कितीही भव्य असले, तरी जादू पूर्ण होते ती पाहणाऱ्याच्या मनात.

आधुनिक काळात याच सुताच्या खेळाला 'भारतीय दोरीची जादू' म्हणून जगभर प्रसिद्धी मिळाली. १८९० मध्ये शिकागो येथील एका वृत्तपत्राने या खेळाचे 'डोळ्यांनी पाहिलेले' वर्णन छापले आणि काही महिन्यांनी ते कल्पित होते अशी कबुली दिली. कबुली लोक विसरले; वर्णन मात्र पसरत राहिले. अनेक हौशी माणसे अशाच कुठल्यातरी गुप्त, अलौकिक रहस्याच्या शोधात वर्षे घालवतात. कला शिकण्याचा मार्ग तो नव्हे.

पाठगत प्रश्न १
(अ) 'हस्तलाघव' या शब्दासाठी मराठीत रूढ असलेला शब्द कोणता?
(आ) महापनाद कोणत्या कृतीने हसला? त्यावरून नवशिक्याने काय शिकावे?

युक्ती आणि प्रयोग

युक्ती म्हणजे नाणे कसे लपवले, पत्ता कसा ओळखला याचे गुपित. ते पुस्तकातून किंवा जाणकाराकडून थोड्या वेळात कळू शकते. प्रयोग म्हणजे ती युक्ती लोकांसमोर, योग्य क्षणी, योग्य शब्दांसह आणि सहजतेने करून दाखवणे. गुपित कळले म्हणजे जादू आली, असा नवशिक्याचा समज असतो. प्रत्यक्षात गुपित कळते त्या दिवशी शिकण्याला नुकती सुरुवात झालेली असते.

एक साधे उदाहरण पाहू. उजव्या हातातले नाणे डाव्या हातात दिल्यासारखे दाखवायचे, डावी मूठ मिटायची आणि ती उघडली की रिकामी! नाणे मुळात उजव्या हातातच राहिलेले असते. हे वाचून कोणालाही वाटेल, 'एवढेच?' परंतु आरशासमोर उभे राहून करून पाहावे. डावी मूठ नको तितकी घट्ट होते, उजवा हात ताठरतो आणि डोळे चोरासारखे खऱ्या नाण्याकडे वळतात. प्रेक्षकाला युक्ती ठाऊक नसली, तरी काहीतरी बिनसले आहे हे त्याला लगेच जाणवते.

यासाठी जाणते जादूगार एक उपाय सांगतात. आधी नाणे खरोखरच डाव्या हातात द्यावे. असे वारंवार करावे आणि आपले हात, खांदे, नजर कसे वागतात ते आरशात न्याहाळावे. मग तीच हालचाल नाणे न देता करावी. दोन्ही वेळा आरशातले चित्र सारखे दिसू लागले, की हात तयार झाला असे समजावे. या साऱ्यात नजरेचे महत्त्व सर्वांत अधिक. जादूगार जिकडे पाहतो तिकडे प्रेक्षक पाहतो. आपल्या रिकाम्या डाव्या मुठीकडे जादूगाराने कुतूहलाने पाहिले, तर शंभर डोळे तिच्याकडे वळतात आणि उजवा हात मोकळा होतो.

हालचालीला शब्दांची जोड हवी. रस्त्यावरचा मदारी आणि त्याचा जमुरा यांची सवाल-जवाबाची बतावणी आठवून पाहावी. ती वरवर विनोदासाठी असते; पण तिच्यामुळे लोक थांबतात, खेळाला लय येते आणि हवे तेव्हा लक्ष हवे तिकडे नेता येते. नवशिक्याने आपली बतावणी आधी लिहून काढावी, ती आपल्या रोजच्या बोलीत असावी आणि मोठ्याने म्हणून पाहावी.

जागेची ओळख

एकच प्रयोग दोन जागी सारखा होत नाही. सभागृहात प्रेक्षक समोर बसतात आणि प्रकाश ठरलेला असतो. घाटावर प्रेक्षक पायऱ्यांवर असतात. म्हणजे ते वरून पाहतात. समोरून लपणारे नाणे वरून सहज दिसते. लोक अर्धगोलात उभे राहतात, त्यामुळे दोन्ही कडांनाही डोळे असतात. नदीकडे पाठ करून उभे राहिल्यास मागून कोणी पाहत नाही असे वाटते. पण होडीतला माणूस विसरून चालत नाही. नदीवरच्या वाऱ्याने रेशमी रुमाल उडतो, पत्ते विखुरतात. संध्याकाळच्या आरतीच्या घंटानादात बतावणी ऐकूच जात नाही.

म्हणून पहिल्या प्रयोगासाठी घाट किंवा रस्ता निवडू नये. घरची चार माणसे, मग शेजारचे दहा जण, मग एखादा छोटा कार्यक्रम, अशा पायऱ्या असाव्यात. गणेशोत्सवाचा मांडव ही मराठी माणसाच्या ओळखीची आणि नवशिक्याला सोयीची जागा आहे. प्रेक्षक आपुलकीचे असतात, बसण्याची जागा निश्चित असते आणि दिव्यांची व्यवस्था आधी पाहता येते. तेथेही आदल्या दिवशी जाऊन सर्वांत पुढच्या, सर्वांत मागच्या आणि दोन्ही कडांच्या जागी स्वतः बसून पाहावे.

सार्वजनिक जागी खेळ करायचा असेल, तर संबंधित अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी. रस्त्यावरच्या कलावंतांना कायद्याने नेहमीच मानाने वागवले असे नाही. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने गाणे, नाच, भविष्यकथन किंवा खेळ यांच्या निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागणे हेही भीक मागण्यात गणले. हाच कायदा दिल्लीतही लागू होता. भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या त्यातील तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द ठरवल्या. कला दाखवून चार पैसे मिळवणारा माणूस याचक नव्हे, हे समाजाला अजून पुरते उमगलेले नाही.

या रस्त्यावरच्या कलावंतांचे ऋण मोठे आहे. पुण्याचे विख्यात जादूगार रघुवीर भोपळे यांनी जादूचे धडे घेतले ते रस्त्यावर खेळ करणाऱ्या एका जादूगाराकडूनच. पुढे त्यांनी देशोदेशी प्रयोग केले आणि आपल्या भ्रमंतीवर 'प्रवासी जादूगार' हे पुस्तकही लिहिले. ज्याला कोणी पदवी दिली नव्हती, अशा गुरूची विद्या शिष्याने दूरदेशी नेली.

पहिली पंधरा मिनिटे

पहिला प्रयोग दहा ते पंधरा मिनिटांचा असावा. त्यात तीनच खेळ असावेत. पहिला छोटा आणि झटपट, जेणेकरून लोकांचे लक्ष वेधले जाईल आणि आपली धडधड थांबेल. दुसऱ्यात प्रेक्षकांपैकी एकाला सहभागी करून घ्यावे. तिसरा आपल्याजवळचा सर्वांत चांगला. वीस खेळ अर्धवट येण्यापेक्षा तीन खेळ निर्दोष येणे केव्हाही श्रेष्ठ.

अमेरिकेचे जादूगार हॉवर्ड थर्स्टन यांच्या नावाने तीन नियम सांगितले जातात. पुढे काय घडणार ते आधी सांगू नये. तोच खेळ त्याच प्रेक्षकांसमोर पुन्हा करू नये. गुपित उघड करू नये. पहिल्या दोन नियमांचे कारण एकच आहे. काय घडणार हे ठाऊक झाले, की माणूस खेळ पाहायचे सोडून पाळत ठेवू लागतो.

सहभागी होणाऱ्या प्रेक्षकाला पाहुण्याचा मान द्यावा. त्याचे नाव विचारावे, त्याच्या वस्तूला जपावे, त्याची फजिती करून हशा मिळवू नये. त्याचा अपमान झाला, तर सारे प्रेक्षक मनाने त्याच्या बाजूला जातात.

प्रयोग कधीतरी चुकतोच. पत्ता हातातून पडतो, नाणे पायरीवर खणखणते. अशा वेळी घाबरून खुलासे देत बसू नये. हसून ते नाणे उचलावे आणि पुढच्या खेळाकडे वळावे. काय घडायला हवे होते हे प्रेक्षकांना सांगितलेलेच नसेल, तर निम्म्या चुका चुका म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाहीत. पहिल्या नियमाचा हा आणखी एक लाभ.

धोक्याची रेषा

कौतुकाची चटक लागली, की अधिक धाडसी खेळ करण्याचा मोह होतो. १६ जून २०१९ रोजी कोलकात्याचे जादूगार चंचल लाहिरी यांनी स्वतःला साखळदंडांनी बांधून घेतले आणि ते हुगळी नदीत उतरले. पाण्याखाली बंधने सोडवून वर येण्याचा तो प्रयोग होता. ते वर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह सापडला. ते नवशिके नव्हते, अनुभवी होते. हुगळी ही गंगेचीच शाखा. गंगेच्या काठी राहणाऱ्या नवशिक्याने ही घटना कायम स्मरणात ठेवावी. पाणी, आग, धारदार पाती आणि बंधने यांचे खेळ जाणत्या गुरूच्या देखरेखीशिवाय आणि सुरक्षेच्या व्यवस्थेशिवाय करू नयेत. नाग किंवा अन्य वन्य प्राणी बाळगून खेळ करण्याचा तर विचारही करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिलेले आहे.

विश्वासाचा व्यवहार

९ एप्रिल १९५६ रोजी थोर जादूगार पी. सी. सरकार यांनी लंडनच्या बीबीसी दूरचित्रवाणीवर एका तरुणीला करवतीने कापण्याचा प्रयोग केला. ती उठण्यापूर्वीच कार्यक्रमाची वेळ संपली आणि प्रक्षेपण थांबले. तरुणी खरोखरच मेली अशा भीतीने प्रेक्षकांनी दूरध्वनींचा भडिमार केला. ती सुखरूप होती. खेळ पाहताना 'ती शेवटी उठणार' असा प्रेक्षकांचा मनोमन विश्वास असतो. त्या विश्वासाच्या आधारानेच तो भयचकित होण्याचा आनंद घेतो. आधार निसटला, की उरते ते केवळ भय.

जादू ही अशी संमतीची फसवणूक आहे. 'मला फसव' असे प्रेक्षक म्हणतो आणि 'मी फसवणार आहे' असे जादूगार उघडपणे सांगतो. हीच हातचलाखी करून कोणी 'माझ्या अंगी दैवी शक्ती आहे' असे म्हणू लागला, की करार मोडला. काशीसारख्या तीर्थक्षेत्री दूरदूरहून येणारी माणसे दुःखे घेऊन येतात. त्यांच्या श्रद्धेवर हात मारणे मुळीच कठीण नसते. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी भोंदूंचे 'चमत्कार' गावोगावी स्वतः करून दाखवले आणि त्यांमागची युक्ती लोकांसमोर उलगडली. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे आणि पैसे उकळणे हा त्यानुसार गुन्हा आहे. रंगमंचावरचे गुपित जादूगाराने जपावे, कारण त्यात प्रेक्षकांचा आनंद आहे. फसवणुकीचे गुपित मात्र फोडावे, कारण त्यात माणसाचे नुकसान आहे.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रावरील भाष्यात एका जादूगाराचा दृष्टांत दिला आहे. ढालतलवार घेऊन सुतावरून आकाशात चढताना दिसतो तो भास. खरा जादूगार जमिनीवरच उभा असतो. तत्त्वज्ञानासाठी दिलेला हा दृष्टांत नवशिक्यालाही उपयोगी पडावा. प्रेक्षकांनी त्याला आकाशात पाहावे, पण त्याने स्वतः आपले पाय जमिनीवर असल्याचे विसरू नये.

पाठगत प्रश्न २
(अ) घाटावर प्रयोग करताना कोणत्या तीन अडचणी येतात?
(आ) १९५६ च्या प्रयोगात प्रेक्षक का घाबरले?

सारांश

गुपित कळणे ही सुरुवात आहे. सराव, नजर, बतावणी आणि जागेची जाण यांमुळे युक्तीचा प्रयोग होतो. पहिला प्रयोग छोटा, तीन खेळांचा आणि ओळखीच्या माणसांपुढे असावा. जीवघेणे खेळ टाळावेत. प्रेक्षकाचा मान आणि विश्वास जपणारा तो जादूगार. त्या विश्वासाचा गैरफायदा घेणारा तो भोंदू.

शब्दार्थ

ऐंद्रजालिक – जादूगार
बाजीगर – जादूचे वा कसरतीचे खेळ करणारा
बतावणी – खेळाच्या ओघात केलेले चटपटीत बोलणे
जमुरा – मदाऱ्याचा मदतनीस मुलगा
स्मित – मंद हास्य
याचक – मागणारा, भिकारी
दृष्टांत – समजावण्यासाठी दिलेले उदाहरण
भोंदू – ढोंगी, फसवणारा

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नाण्याच्या खेळाचा सराव कसा करावा?
(आ) थर्स्टन यांच्या नावाने सांगितले जाणारे नियम कोणते? पहिल्या नियमाचे दोन लाभ लिहा.
(इ) 'जादू ही संमतीची फसवणूक आहे', हे विधान स्पष्ट करा.

२. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
तोंडात बोट घालणे, डोळ्यांत धूळ फेकणे, पाय जमिनीवर असणे.

३. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करा.
हातचलाखी, राजपुत्र, ढालतलवार.

४. उपक्रम : तुमच्या परिसरात खेळ करणाऱ्या एखाद्या लोककलावंताशी बोला. त्याने ही कला कोणाकडून शिकली, पहिल्यांदा लोकांसमोर उभा राहिला तेव्हा काय झाले आणि आज त्याच्यापुढे कोणत्या अडचणी आहेत, हे विचारून एक पानभर टिपण लिहा. त्याच्या खेळाचे गुपित मात्र विचारू नका.